थोपटलं की सोडायचं

आमच्या घरात हात उचलायचं काम माझं. दादाचं कधीच नव्हतं. लहानपणी रावपुऱ्याच्या आमच्या गल्लीत कुणी त्याला डिवचलं की तो हसून बाजूला व्हायचा आणि मी मागून जाऊन त्या पोराचं नाक फोडून यायचे. मग त्या पोराची आई आमच्या दारात उभी राहायची. वडील तिच्यादेखत मला दोन लगावायचे आणि ती जिना उतरली की हळूच विचारायचे, "मूठ वळताना अंगठा बाहेर होता ना?"

हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते माझ्या हातून झालं असतं तर बडोद्यात कुणाला नवल वाटलं नसतं. दादाच्या हातून झालं म्हणून सगळे हबकले.

आमचे पणजोबा महाराजांच्या पलटणीत होते. पलटण मोडली, संस्थान विलीन झालं आणि आमच्या वाट्याला फक्त कुस्ती आली. वडील दिवसा एका कारखान्यात नोकरी करायचे आणि पहाटे आखाडा चालवायचे. मुलगी म्हणून मला बाहेर बसवावं असं त्यांच्या डोक्यात आलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. बाकी ते फार कडक होते. त्यांच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, एकच कायदा होता. खालच्यानं पाठीवर थोपटलं की वरच्यानं सोडायचं. मानेवर गुडघा रोवून कस काढत असा, जिंकत आलेले असा, थोपटलं की त्या क्षणी हात सैल. एक श्वास जरी उशीर झाला तरी वेताची छडी पोटरीवर बसायची.

एकदा दादानं उशीर केला. समोरचा पोरगा आदल्या दिवशी त्याला काहीतरी बोलला होता आणि दादानं थोपटल्यावरही त्याची मान दाबून धरली. वडिलांनी त्याला सगळ्यांसमोर मारलं आणि मारतच राहिले. संध्याकाळी दादाला ताप चढला, आईनं वडिलांशी बोलणं टाकलं. पण त्यानंतर आम्हा दोघांपैकी कुणीही कधी उशीर केला नाही. ते इतकं अंगात मुरलं की बसमध्ये कुणाचा हात पाठीला लागला तरी माझ्या हातातली पिशवी आपोआप सैल व्हायची.

पुढे दादा अग्निशमन दलात लागला आणि मी पोहायला शिकवू लागले. दादाला आगीपेक्षा पाण्याचीच बोलावणी जास्त. कालव्यात कुणी घसरलं, तलावात कुणी उतरलं, नदी फुगली, की दादा. लोकांना वाटतं बुडणारा माणूस बिचारा असतो. तो बिचारा नसतो. तो तुमच्या डोक्यावर पाय देऊन वर चढतो. केस धरतो, डोळ्यांत बोटं घालतो, चावतो. एका कॉलेजच्या मुलीनं दादाच्या गालाचा लचका तोडला होता. नंतर ती पेढे घेऊन आली तेव्हा तिला त्यातलं काही आठवत नव्हतं, आणि दादाच्या गालावरची पट्टी बघून तिनंच विचारलं, काय लागलं म्हणून.

म्हणून बुडणाऱ्याकडे समोरून जायचं नसतं. मागून जायचं, काखेतून हात घालायचा आणि ओढायचं. समोरून सापडलातच तर वर जायची धडपड करायची नाही, उलट आपण खाली जायचं. त्याला खाली यायचं नसतं, त्यामुळे तो आपण होऊन सोडतो. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी दलातल्या नव्या मुलांना आम्ही दोघं हे माझ्या पूलवर शिकवायचो. एकानं बुडणारा व्हायचं आणि दुसऱ्याला जिवाच्या आकांतानं धरायचं, दुसऱ्यानं सुटायचं. आम्ही त्याला मिठी म्हणायचो. खोटं खोटं धरलं तर काही शिकता येत नाही, म्हणून मिठी खरी असायची. नाकातून रक्त येणं, कानशिलं सुजणं नेहमीचं. जीव जायला लागला तर पाठीवर थोपटायचं. वडिलांचा कायदा आम्ही पाण्यात नेला होता.

मग त्या वर्षी विश्वामित्री शहरात शिरली. आमच्या नदीत मगरी आहेत, याचं बाहेरच्यांना फार कौतुक. आम्हांला नाही. पूर आला की त्याही गल्ल्यांतून फिरतात, कुठे जाणार बिचाऱ्या. दादा छातीभर पाण्यातून एका म्हातारीला खांद्यावर घेऊन येत होता, समोर मगर आली, दादानं बांबूनं तिचं तोंड बाजूला केलं आणि पुढे गेला. गच्चीवरून कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. दुपारपर्यंत ते गावभर झालं आणि एका चॅनेलनं त्याला पाण्याखालचा सुपरहिरो करून टाकलं. त्या व्हिडिओत तो पाण्याखाली नाही, चांगला पाण्याच्या वर दिसतो. पण चॅनेलवाल्यांना कोण सांगणार.

पाण्याखाली तो त्याच दुपारी गेला, आणि त्याचा व्हिडिओ नाही. सुभानपुऱ्यातल्या एका इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये एक तरुण मुलगा आपली नवी स्कूटर वर काढायला उतरला होता. कुठलीतरी भिंत फुटली आणि पाणी एकदम आत आलं. दादा कमरेला दोर बांधून आत शिरला. पहिल्यांदा बराच वेळानं बाहेर आला तो रिकाम्या हातानं. मग पुन्हा गेला, पुन्हा गेला, आणि शेवटी मुलाला घेऊन आला. मुलगा गेलेला होता. त्याची आई जिन्यात उभी होती, तिच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. दादा तिला म्हणाला, "मी पोचलो तेव्हा तो गेलेला होता." आम्हांलाही त्यानं तेवढंच सांगितलं.

पुराचा चिखल वाळतो न वाळतो तोच गणपती आले. आमच्या गल्लीच्या मंडळानं दादाला न विचारता देखावा केला. निळं कापड, थर्माकोलची पोवळी, मध्ये प्लास्टरचा दादा. मिशी त्याची, बाकी सगळं भलत्याचं. छातीवर असे स्नायू की दादाच्या सात पिढ्यांत कुणाला नसतील, पाठीवर लाल झूल, आणि मोटरवर चालणारा एक हात वरून खाली येऊन मगरीच्या टाळक्यात बसायचा. दर वेळी स्पीकरमधून धाडकन आवाज. पोरं खिदळत होती. वहिनी खूश होती, त्यांच्या मुलीनं तर मैत्रिणी गोळा करून आणल्या होत्या. मीही हसले.

आरतीचा मान दादाला होता. मंडळाचे अध्यक्ष फरसाणवाले, माणूस गोड, त्यांनी माइकवर दादाची स्तुती केली आणि मग शाबासकी म्हणून त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

दादा वळला आणि त्यानं त्यांच्या गळ्यावर फटका मारला. अध्यक्ष आरतीच्या ताटासकट खाली गेले. मग दादानं मांडवाचा एक बांबू उपटला आणि देखाव्यात शिरला. प्लास्टरचं डोकं पहिल्याच दणक्यात उडालं. मग छाती, मग मगर, मग पोवळी. मोटर मात्र चालू होती, तो सुटा हात वर-खाली होत राहिला आणि दर वेळी धाडकन वाजत राहिलं. दादा त्या हातावर बांबू घालत राहिला. चार पोरं त्याच्यावर धावली. कोण चूक, कोण बरोबर हे न बघता मी मध्ये पडले, एकाचा चष्मा फोडला, एकाला गुडघा दिला. कुणीतरी माझ्या केसांना धरून मला फरफटलं. वहिनी तेवढी शहाणी, ती मूर्तीपुढे हात पसरून उभी राहिली, म्हणून बाप्पाला काही झालं नाही.

"अगं बेन, आम्ही तर त्याचा सन्मान करत होतो," अध्यक्ष घसा धरून म्हणाले. "ह्याला थयुं शुं? झालं काय?"

"दमलाय तो," मी म्हणाले. खरं तर मला मनातून बरं वाटलं होतं. खोट्या कौतुकाचा त्याला वीट आला, त्यानं ते फोडून टाकलं, अस्सा माझा भाऊ, असं मला वाटलं. घरी आल्यावर मी त्याच्या हाताला हळद लावली आणि त्याची पाठराखण केली.

दिवाळीच्या सुट्टीत दादा घरात जमिनीवर बसून पंख्याची वायर जोडत होता. त्याची मुलगी मागून आली. दहा वर्षांची आहे. "बाबा, बघा ना," म्हणत तिनं त्याच्या पाठीवर हात मारला. दादाचं कोपर मागे गेलं आणि तिच्या तोंडावर बसलं. समोरचा दात पडला, ओठ फाटला, फरशीवर रक्त सांडलं. मी स्वयंपाकघरातून धावत आले तेव्हा दादा तिचा दात हातात घेऊन बसला होता. मुलगी रडत नव्हती. ती भिंतीला चिकटून त्याच्याकडे बघत होती. ते मला सहन झालं नाही. मी दादाच्या थोबाडीत मारली. त्यानं हातसुद्धा वर केला नाही.

वहिनीनं त्याच दुपारी पिशव्या भरल्या. ती माझ्यासारखी आरडाओरडा करणारी नाही. जाताना मला म्हणाली, "मी गोत्रीला आईकडे जाते. ह्यांचा हात थांबला असं तुम्हांला खरंच वाटेल त्या दिवशी मला सांगा. दया येऊन खोटं सांगू नका. माझी पोर आहे."

एवढ्यावर ती थांबली नाही, हेही सांगायला हवं. तिच्या आईच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ध्यानाचं एक शिबिर व्हायचं. मनाचा तोल परत मिळवून देतो असं तिथले गुरुजी सांगायचे. वहिनीनं दादाचं नाव घातलं आणि दादाही मुकाट्यानं गेला, मला बरोबर घेऊन. श्वासाचा भाग त्याला फारच जमला. गुरुजी म्हणायचे श्वास सोडा, आणि दादा सोडायचाच नाही. सगळ्यांचे दोन-चार श्वास होऊन जायचे तरी हा छाती फुगवून बसलेला. गुरुजी वैतागले. मला हसू आवरेना. मग त्यांचा एक सेवक ओळींमधून फिरत पोक काढून बसलेल्यांना सरळ करायला लागला. अगदी हलक्या हातानं त्यानं दादाच्या पाठीवर थोपटलं, ताठ बसा म्हणून.

दादानं त्याचा हात धरून त्याला डोक्यावरून पुढे आपटलं, त्याच्या पाठीवर बसला आणि मानेवर कस काढायला लागला. सेवकाचं तोंड जाजमात रुतलं, हातपाय झडायला लागले. पाच-सहा जणांनी ओढूनही दादा निघेना. शेवटी मी त्याच्या कानाखाली बुक्की घातली तेव्हा सैल झाला. सेवकाच्या नाकातलं रक्त पांढऱ्या सदऱ्यावर सगळीकडे. पोलिसांत जायचं वहिनीच्या आईनं हातापाया पडून टाळलं. गॅलरीत वहिनी उभी होती आणि तिनं मुलीचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं.

तरी मला कळलं नाही. तीनदा घडलं आणि कळलं नाही. पूर गेल्यापासून दलानं आराम मिळावा म्हणून दादाला पाण्यातून काढून भांडारात बसवलं होतं, पाइप आणि हेल्मेटं मोजायला. मला वाटलं, हेच कारण. पाण्यातल्या माणसाला कोरड्यावर ठेवलं तर तो चिडणारच. म्हणून मे महिन्यात मी त्याच्या साहेबांकडे गेले आणि त्यांचं डोकं खाल्लं. नव्या मुलांना मिठी शिकवायची आहे, दादाशिवाय मी शिकवणार नाही, असं सांगितलं. साहेब म्हणाले, "बेन, जबाबदारी तुमची." मी हो म्हणाले.

दुपारची वेळ होती, पूल बाहेरच्यांना बंद. नवी मुलं काठावर रांगेत बसली होती, सुपरहिरो बघायला मिळणार म्हणून खुशीत. ठरलं असं की दादा बुडणारा आणि मी सोडवणारी. मुलांना समजावं म्हणून मी मुद्दाम चूक करणार, समोरून जाणार आणि मग सुटून दाखवणार.

मी समोरून गेले. दादानं मला धरलं. पहिल्या क्षणी मला आनंदच झाला, कारण पकड जुनी होती, पूर्वीसारखी. मी नियमाप्रमाणे खाली गेले. बुडणारा खाली येत नाही, सोडतो. दादा माझ्याबरोबर खाली आला. मी आणखी खाली गेले, तळाच्या फरशीला पाय लागले, तरी त्याचे हात माझ्या बरगड्यांभोवती तसेच. छातीतली हवा बुडबुडे होऊन निघाली. वर काठावरून टाळ्यांचा आवाज पाण्यातून घुमत येत होता. मुलांना वाटत होतं, काय झकास दाखवताहेत.

मी थोपटलं.

हात सैल झाले नाहीत. मला वाटलं त्याला कळलं नाही. मी जोरात थोपटलं. हात आणखी आवळले, आणि बरगडीत काहीतरी कट्‌कन झालं. तेव्हा मला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या भावाची भीती वाटली. मी त्याच्या पायांवर लाथा मारल्या, नखं घातली. त्याचा खांदा तोंडाशी होता, तिथे दात रुतवले आणि तोंडात रक्ताची चव येईपर्यंत चावले. शेवटी त्याच्या डोळ्यात अंगठा दाबला. तेव्हा मान मागे गेली, मी गुडघा मारला आणि सुटले.

काठाला लटकून मी ओकले. पाणी, चहा, सगळं. टाळ्या थांबल्या. मी मुलांना घरी जायला सांगितलं, ओरडून, शिव्या घालून. दादा वर आला होता आणि उथळ पाण्यात पायऱ्यांवर बसला होता. एक डोळा मिटलेला, खांद्यावरून रक्ताची रेघ पाण्यात उतरत होती. मी पाण्यातून चालत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याला मारायला लागले. तोंडावर, डोक्यावर, जिथे लागेल तिथे.

"थोपटत होते मी. कळत नव्हतं तुला?"

"कळत होतं," दादा म्हणाला.

"मग?"

"कळत होतं, म्हणूनच सोडलं नाही."

मग त्यानं सांगितलं. तळघरात छताला लागून वीतभर हवा उरली होती. तो मुलगा छताच्या पाइपला धरून तिथे नाक लावून होता. जिवंत. दादाचा हात लागताच त्यानं पाइप सोडून दादाला समोरून मिठी मारली. दोन गाड्यांच्या मधली जागा, मागून जायला वावच नव्हता. दादानं विचार केला, असाच घेऊन जाऊ. त्याला कमरेला आवळलं आणि दोराच्या अंदाजानं पाण्याखालून ओढत निघाला. मुलगा झगडत होता, लाथा मारत होता, दादानं पकड ढिली केली नाही. आणि मग त्या मुलाचा हात दादाच्या पाठीवर पडला. दोनदा. थोपटल्यासारखा.

"आणि माझे हात सुटले," दादा म्हणाला. "मी सोडले नाहीत गं. ते सुटले. कळायच्या आत. तो वर गेला, हवा शोधत, भलतीकडेच गेला. मी अंधारात हात फिरवत राहिलो. नंतर सापडला तो तिकडच्या भिंतीशी."

त्या मुलाला आमच्या वडिलांचा कायदा कुठून माहीत असणार. तो थोपटत नव्हता. तो हात आपटत होता, जसे सगळे बुडणारे आपटतात. हे मी दादाला सांगितलं आणि दादा म्हणाला, ते त्याला त्याच वेळी कळलं होतं. तेव्हापासून पाठीवर कुणाचाही हात पडला की त्याला तो मुलगा सुटताना दिसायचा, या वेळी सोडायचं नाही एवढंच डोक्यात यायचं, आणि तेवढ्यात हात उठलेला असायचा. अध्यक्षांच्या वेळी, पोरीच्या वेळी, त्या सेवकाच्या वेळी. गावातल्या प्रत्येक माणसाला सुपरहिरोच्या पाठीवर थोपटायचं होतं. आठ-नऊ महिने लोक त्याला शाबासकी देत होते आणि तो दर वेळी त्या तळघरात जात होता. मला इतकं वाईट वाटलं की मी पाण्यातच त्याच्या शेजारी बसून मोठ्यानं रडले. घरी गेल्यावर वडिलांचा फोटो भिंतीवरून काढला आणि कपाटात पालथा टाकला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचा राग वेगळाच असतो.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "मला तिला सांगायचंय. त्या आईला."

मी वहिनीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ह्यांना सांगा, जाऊ नका. त्या बाईला वाटतंय मुलगा आधीच गेला होता. तेवढाच तिला आधार आहे. तो काढून घेऊन हे हलके होणार का?"

वहिनीचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. तरी मी दादाला म्हणाले, चल. मला माझा भाऊ परत हवा होता. त्या बाईचं काय होईल, हे मी मनातून बाजूला सारलं.

बरगड्यांना पट्टा बांधून मी स्कूटरवर त्याच्या मागे बसले आणि त्याच्या पाठीला हात लागू नये म्हणून मागची दांडी धरून ठेवली. सुभानपुऱ्यातली ती इमारत आता रंगवलेली होती. त्या मुलाच्या आई तिसऱ्या मजल्यावर राहतात. मराठी शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. दादाला त्यांनी लगेच ओळखलं, बसा म्हणाल्या, पाणी आणलं. त्याचा सुजलेला डोळा बघून विचारलं, "परत कुणाला काढायला गेला होतात का?"

दादा बसला नाही. उभ्या उभ्या त्यानं सांगितलं. काही गाळलं नाही. वडील, हौदा, छडी, पाइप, गाड्या, मिठी. थोपटणं. सांगताना त्याचा आवाज सपाट होता, साहेबांना अहवाल देतात तसा.

आई ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही पोचलात तेव्हा तो होता."

"होता."

"तुमच्या हातात होता."

"हो."

त्या उठल्या आणि त्यांनी दादाच्या तोंडात मारली. मग दुसऱ्या हातानं मारली. मग मुठींनी, छातीवर, गळ्यावर, त्या सुजलेल्या डोळ्यावर. एवढ्याशा बाई, दादाच्या खांद्याएवढ्याही नाहीत, पण त्या मारत होत्या ते मी आखाड्यातही बघितलेलं नाही. पाण्याचा तांब्या उडाला. त्यांचा चष्मा खाली पडला. मी उठले, कारण मला राहवेना, पण दादानं माझ्याकडे बघून मान हलवली. त्याच्या ओठातून रक्त आलं. त्यानं हात पोटापर्यंतसुद्धा आणले नाहीत.

"मी झोपत होते रे," त्या मारता मारता म्हणत होत्या. "एवढे महिने मी झोपत होते. तो आधीच गेला म्हणून मी झोपत होते. आता मी काय करू? तू सांग आता मी काय करू."

वहिनीचं बरोबर होतं आणि आता ते परत घेता येण्यासारखं नव्हतं. मला त्या क्षणी दादाचा राग आला, माझा त्याहून जास्त आला.

मारून मारून त्या दमल्या. भिंतीला टेकून श्वास घेत राहिल्या. आम्हांला जा म्हणतील असं वाटलं. मी दाराकडे बघितलंसुद्धा.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

दादाला कळलं नाही.

"कुठे लागला त्याचा हात? दाखव मला."

दादा त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी जागेवरच ताठ झाले. पुढे काय होऊ शकतं हे मला माहीत होतं आणि त्या बाईला माहीत नव्हतं. मी मध्ये पडायला हवं होतं, पडले नाही. त्यांनी हात पुढे केला आणि तळवा त्याच्या डाव्या खांद्याच्या खाली टेकवला. दादाच्या मानेच्या शिरा वर आल्या. बोटं वळली, उघडली, पुन्हा वळली.

"इथे?"

"थोडं वर," दादा म्हणाला.

त्यांनी हात थोडा वर सरकवला आणि तिथेच ठेवला. दादाचे हात खालीच होते. त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी फरशीवरचा त्यांचा चष्मा उचलला, ओढणीनं पुसला आणि त्या मागतील म्हणून हातात धरून बसले.